पाकिटातील खिचडीचे पोषणमूल्य : एका व्यावहारिक मजकुराचे वाचन

१. प्रास्ताविक



व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण आतापर्यंत अर्ज, इतिवृत्त, बातमी आणि जाहिरात हे लेखनप्रकार पाहिले. या घटकात अभ्यासासाठी घेतलेला मजकूर त्या सर्वांहून लहान आहे. तो तळहाताएवढ्या जागेत मावतो, त्यावर लेखकाचे नाव नसते आणि आपल्या घरात तो महिन्यातून अनेकदा येऊन केराच्या टोपलीत जातो. पाकीटबंद अन्नपदार्थाच्या मागील बाजूस छापलेला पोषणविषयक तक्ता आणि त्याभोवतीचा मजकूर म्हणजे आपला आजचा पाठ होय.

हा मजकूर भाषेच्या अभ्यासक्रमात घेण्याची कल्पना मला मारेगावच्या एका संपर्कसत्रात सुचली. वणी–करंजी रस्त्यावरील मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. कापूस, सोयाबीन आणि तूर ही इथली पिके. तूर घरात असतेच. तरीही बाजारातील किराणा दुकानांत खिचडीची, पुलावाची, राजमा-चावलची तयार पाकिटे आता टांगलेली दिसतात. सत्राला येणाऱ्यांत शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एक बाई होत्या, अंगणवाडीतील एक मदतनीस होत्या आणि किराणा दुकान चालवणारा एक तरुण होता. ‘माहितीपर मजकुराचे आकलन’ हा त्या दिवशीचा विषय. उदाहरण म्हणून त्या तरुणाने आपल्या दुकानातील खिचडीची दोन पाकिटे टेबलावर ठेवली. एक तसेच गरम करून खायचे, दुसरे पाणी घालून शिजवायचे.

मी दोन्हींचे तक्ते मोठ्याने वाचले आणि दुसऱ्या पाकिटात पहिल्याच्या तिपटीहून अधिक प्रथिने आहेत, असे निःशंकपणे सांगून टाकले. आकडे तसेच होते. तेव्हा मागच्या बाकावरून पोषण आहार शिजवणाऱ्या बाई म्हणाल्या, “सर, हे तर कोरडं आहे. शिजल्यावर हे चौपट होते. मग आकडा तोच कसा राहील?”

भाषाविज्ञानात पदवी घेतलेल्या माणसाने सहा ओळींचा मजकूर चुकीचा वाचला होता. आकडे मी बरोबर वाचले होते. ते ज्या संदर्भात छापले होते तो संदर्भ मी वाचलाच नव्हता. प्रस्तुत घटक त्या चुकीतून निर्माण झाला आहे.

२. कोरडे आणि ओले

त्या दिवशीच्या पाकिटांच्या धर्तीवर आपण दोन नमुना पाकिटे कल्पू या.

पहिले पाकीट तयार खिचडीचे, निव्वळ वजन ३०० ग्रॅम. त्यावरील तक्ता सांगतो : प्रत्येक १०० ग्रॅममध्ये ऊर्जा १२० किलोकॅलरी, प्रथिने ३.२ ग्रॅम, कर्बोदके १८ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ३.८ ग्रॅम, सोडियम ३८० मिलिग्रॅम. दुसरे पाकीट कोरड्या मिश्रणाचे, निव्वळ वजन २०० ग्रॅम. त्याच्या प्रत्येक १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ३५० किलोकॅलरी, प्रथिने ११.५ ग्रॅम आणि सोडियम १६०० मिलिग्रॅम.

वरवर पाहता दुसरे पाकीट प्रथिनांत श्रीमंत आणि मिठात भयंकर आहे. प्रत्यक्षात या दोन्ही निष्कर्षांना आधार नाही. कोरड्या १०० ग्रॅम मिश्रणात सुमारे ३०० ग्रॅम पाणी मुरते आणि ताटात ४०० ग्रॅम खिचडी येते. ११.५ ग्रॅम प्रथिने त्या ४०० ग्रॅममध्ये विखुरली की शिजलेल्या १०० ग्रॅमला २.९ ग्रॅम पडतात. म्हणजे पहिले पाकीटच किंचित पुढे गेले. सोडियमचाही तसाच हिशेब : १६०० भागिले ४, म्हणजे ४०० मिलिग्रॅम, पहिल्या पाकिटाच्या जवळपास. दोन्ही तक्त्यांत अन्न जवळजवळ एकच आहे. फरक पाण्याचा आहे, आणि पाणी तक्त्यात कोठेही लिहिलेले नाही.

‘प्रति १०० ग्रॅम’ या तीन शब्दांत ‘कशाचे’ हा प्रश्न अध्याहृत असतो. व्याकरणात आपण अध्याहृत कर्ता, अध्याहृत क्रियापद शिकतो. इथे विशेष्य अध्याहृत आहे. हे १०० ग्रॅम कोरड्या मिश्रणाचे की शिजलेल्या अन्नाचे? पाकिटात जे भरले आहे त्याचे, असे नियमाचे उत्तर. वाचकाच्या मनात मात्र ताटातले अन्न असते. बाईंच्या हातांना ते अंतर रोजच्या सवयीने ठाऊक होते. तांदूळ भांड्यात मोजून टाकणाऱ्याला तो किती फुगतो हे कोणी सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण ‘प्रति सर्व्ह’ या शब्दाची. आपल्या पहिल्या नमुन्यात पाकीट ३०० ग्रॅमचे आहे आणि एक ‘सर्व्ह’ १५० ग्रॅमचा, असे समजू. तक्त्यातील टक्केवारी त्या अर्ध्या पाकिटाची असते. शेतातून किंवा रात्रपाळीहून आलेला माणूस अर्धे पाकीट खाऊन उरलेले झाकून ठेवील, ही कल्पना कोणाच्या तरी टेबलावर झालेली आहे. तो पूर्ण पाकीट खातो. त्याच्या पोटात जाणारे सोडियम ११४० मिलिग्रॅम असते, आणि तक्त्यात त्याने वाचलेले ५७० असते.

या आकड्याचा अर्थ लावण्यासाठी आणखी एक पायरी चढावी लागते. आपण घरात ‘सोडियम’ असे म्हणत नाही, ‘मीठ’ म्हणतो. ज्याला रक्तदाबाचा त्रास आहे त्याला डॉक्टर ‘मीठ कमी करा’ असे सांगतात; ‘सोडियम कमी करा’ असे क्वचितच. मिठात सोडियमचा वाटा साधारण दोन पंचमांश असल्याने सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. ११४० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे २.८५ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविले आहे, आणि आपल्याकडील लेबलांवरील टक्केवारीही दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे तितकेच मीठ, गृहीत धरून काढलेली असते. एका पाकिटात निम्म्याहून अधिक दिवस संपला. सोबत लोणचे आणि पापड घेतला तर काय उरते, ते ज्याचे त्याने पाहावे.

अंगणवाडीतील मदतनीस बाईंनी त्याच वेळी पाकीट हातात घेऊन विचारले होते, “माझ्या सासूबाईंना प्रेशर आहे. मी शेतात गेले की त्या हेच गरम करून खातात. त्यांना चालते का?” माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. वरील गुणाकार मी त्या आठवड्यात शिकलो. ‘चालते का’ हे डॉक्टरच सांगू शकतात. पण किती मीठ पोटात जाते, हे सांगणारा आकडा पाकिटावरच होता आणि आम्हा कोणाला तो वाचता आला नव्हता.

३. भात आणि डाळ यांचा संयोग

आकड्यांच्या पलीकडे एक प्रश्न राहतो : खिचडी, वरण-भात, राजमा-चावल या पदार्थांना पोषणाच्या दृष्टीने काही विशेष महत्त्व आहे का? आहे, आणि ते समजून घेण्याजोगे आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात ५२८ अन्नपदार्थांची मोजदाद आहे. त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात. तूरडाळीत सुमारे २२, मूगडाळीत सुमारे २४, तर राजम्यात सुमारे २० ग्रॅम. तीन वाट्यांस एक वाटी या प्रमाणात ७५ ग्रॅम तांदूळ आणि २५ ग्रॅम मूगडाळ घेतली, तर तांदळातून ६ आणि डाळीतूनही ६ ग्रॅम प्रथिने येतात. वजनाने डाळ पाव आहे, प्रथिनांत ती निम्मी आहे.

याहून महत्त्वाची बाब प्रथिनांच्या दर्जाची. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात. तांदळात लायसिन हे आम्ल कमी असते. डाळींत लायसिन भरपूर, मात्र मेथिओनिन कमी. छापखान्यात खिळे जुळवण्याच्या काळातील दृष्टान्त देतो. जुळाऱ्याच्या खणात ‘क’चे हजार खिळे असले आणि ‘ळ’चे चारच असले, तर ‘कमळ’ हा शब्द त्याला चारदाच जुळवता येईल. उरलेले ‘क’ पडून राहतील. शेजारच्या खणात ‘ळ’ भरपूर आणि ‘क’ मोजके असतील, तर दोन्ही खण एकत्र करताच कितीतरी अधिक शब्द जुळतात. भात आणि डाळ एकत्र आल्यावर प्रथिनांचे असेच होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत तृणधान्य आणि डाळ यांचे ३ : १ हे प्रमाण याच कारणासाठी सुचविले आहे.

आपल्या भागातील स्वयंपाकाने हे संयोग फार पूर्वीपासून साधले आहेत. हरभऱ्याच्या डाळीचे गोळे भातावर कुस्करून खाल्ला जाणारा गोळाभात, मिश्र डाळींचा वडा चुरून वर फोडणी घातलेला वडाभात, हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात ही विदर्भाची पक्वान्ने भात-डाळीच्या जोडीचीच रूपे आहेत. खिचडी तर देशभराची. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाण्याच्या इथल्या रिवाजाची नोंद केली आहे. संस्कृतातील ‘खिच्चा’ या शब्दाशी ‘खिचडी’चे नाते सांगितले जाते.

कडधान्यांच्या नावांकडेही भाषेच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे. पश्चिम महाराष्ट्रात जी चवळी, ती विदर्भात बरबटी. वालाच्या दाण्यांना आपल्याकडे पोपटाचे दाणे म्हणतात, हे पुण्याच्या माणसाला सांगितले तर तो दचकतो. पाकिटावर ‘राजमा’ या उत्तरेकडील नावाने येणारे कडधान्य मराठीत घेवडा म्हणून ओळखले जाते; सातारा जिल्ह्यातील कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ‘राजमा’ वाचून तो परका वाटतो, ‘घेवडा’ म्हटले की शेतात जाऊन बसतो.

आता शाळेतील खिचडीकडे वळू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली आणि २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ हे नाव धारण करणारी ही योजना मुलांच्या तोंडी नुसती ‘खिचडी’ आहे. पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले असून त्यातून ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. हा आकडा तुम्ही स्वतः पडताळू शकता. १०० ग्रॅम तांदळातून ८ ग्रॅम, २० ग्रॅम तूरडाळीतून ४.४ ग्रॅम, बेरीज १२.४. शासनाचे गणित बरोबर आहे. प्रमाण मात्र पाचास एक आहे, तीनास एक नाही, हेही त्याच गणितातून दिसते. डाळीचा वाटा थोडा वाढवता आला असता, असे माझे मत आहे.

या पार्श्वभूमीवर आपले ३०० ग्रॅमचे तयार पाकीट पाहा. संपूर्ण पाकिटात प्रथिने ९.६ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला साधारण ४६ ग्रॅम. पाकिटातून तिचा पाचवा हिस्सा भागतो, एका जेवणाला तो तसा अपुराच. त्याच जेवणात ३० ग्रॅम तूरडाळीचे वाटीभर वरण असले, तर साडेसहा ग्रॅमची भर पडते. तूर तर मारेगावात घरची असते.

४. पाकीटबंद म्हणजे निःसत्त्व का?

सत्रात हा प्रश्न आला आणि त्यावर मतेही तावातावाने मांडली गेली. त्यामुळे थोडक्यात सांगतो. गरम करून लगेच खाण्याजोगे अन्न बहुतेक वेळा थरांच्या पिशवीत हवाबंद करून, दाबाखालील वाफेत सुमारे १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवून निर्जंतुक केलेले असते. घरच्या कुकरचेच हे अधिक कडक आणि अधिक काटेकोर रूप. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी हे तंत्र आपल्या देशी पदार्थांना लागू केले आणि पुढे ते बाजारात आले. या प्रक्रियेमुळे टिकवणारी रसायने न घालताही अन्न महिनोन्‌महिने राहू शकते. उष्णतेने काही जीवनसत्त्वे घटतात. प्रथिने, कर्बोदके आणि खनिजे बहुतांशी टिकून राहतात. राजम्यासारखे कडधान्य अर्धकच्चे खाल्ले तर पोट बिघडवते. पिशवीतील राजमा पूर्ण शिजलेला असल्याने ती भीती नाही.

तेव्हा ‘पाकिटातले म्हणजे विष’ हे विधान जितके पोकळ, तितकेच ‘पाकिटातले म्हणजे शुद्ध’ हेही पोकळ. तक्रार करायची तर ती मिठाबद्दल, तेलाबद्दल, डाळीच्या कमी प्रमाणाबद्दल आणि किमतीबद्दल करावी. ‘पोषणमूल्य’ या समासातील ‘मूल्य’ हा शब्द मराठीत दोन अर्थ वाहतो. पाकिटाची किंमत भागिले त्यातील प्रथिनांचे ग्रॅम, हा भागाकार दुकानदार तरुणाने तेथेच मोबाइलवर केला, मग शेजारच्या गोणीतील सुट्या तूरडाळीचा केला, आणि काही वेळ तो काहीच बोलला नाही.

५. मजकुराची भाषा

२००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली २०२० मध्ये लेबलांविषयीचे विनियम झाले. त्यांनुसार सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असावा लागतो. अन्य कोणतीही भाषा जोडीला वापरण्यास मुभा आहे, बंधन नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आपण सर्वांनी आनंद मानला. मारेगावच्या दुकानातील त्या दोन्ही पाकिटांवर मराठीचा एक शब्दही नव्हता. मुभा असलेली गोष्ट कोणी मागितल्याशिवाय दिली जात नाही.

मराठीत हा तक्ता लिहिण्याजोगे शब्द नाहीत, अशी सबब पुढे केली जाते. ती टिकणारी नाही. उलट आपले शब्द अर्थाने अधिक पारदर्शक आहेत. ‘कर्बोदक’ पाहा : कर्ब आणि उदक. कार्बन आणि पाणी यांच्या घटकांपासून बनलेला पदार्थ, हे रसायनशास्त्र त्या शब्दातच उलगडून ठेवले आहे. ‘उष्मांक’ म्हणजे उष्म्याचा अंक. ‘प्रथिन’ ऐकताच ‘प्रथम’ आठवतो. आणि ज्या ‘प्रोटीन’साठी तो योजला गेला तो शब्दही १८३८ मध्ये ‘अग्रस्थानी असलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच घडवला गेला होता. ध्वनी आणि अर्थ दोन्ही इतके जुळून येणे परिभाषेत क्वचितच घडते.

सर्वच शब्द असे भाग्यवान नाहीत. धान्या-कडधान्यांतील न पचणाऱ्या भागाला मराठीत पूर्वापार ‘चोथा’ म्हटले जाते. चोथा म्हणजे रस काढून झाल्यावर फेकण्याची वस्तू. शरीराला उपयुक्त असलेल्या घटकाचे नावच असे असेल, तर त्याला ताटात मान कसा मिळणार? म्हणून ‘तंतुमय पदार्थ’ हा शब्द रूढ होत आहे आणि ते योग्यच आहे. गंमत अशी की विनियमांतील सक्तीच्या यादीत ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्ध पदार्थ, सोडियम यांना स्थान आहे, तंतूंना नाही. मूगडाळीत शेकडा सुमारे ९ ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तिसरा हिस्साही नाही. खिचडीत डाळ किती, हे ओळखण्याची ती एक चांगली खूण होती. नाव लहान, स्थानही लहान.

डाळ ओळखण्याची दुसरी खूण मात्र कायद्याने दिली आहे. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. यादीत पहिले पाणी, दुसरा तांदूळ, तिसरे तेल आणि चौथी डाळ असेल, तर त्या खिचडीत डाळीपेक्षा तेल अधिक आहे. मुखपृष्ठावर डाळीचे चित्र काढले किंवा डाळीच्या नावाचा ठळक उल्लेख केला, तर तिचे शेकडा प्रमाणही यादीत द्यावे लागते. भाषेत पदक्रमाला अर्थ असतो हे आपण वाक्यविचारात शिकलो. इथे त्या क्रमाला कायद्याचे बळ आहे. मागची यादी हे सरळ विधान असते, पुढचे चित्र अलंकार. अलंकारावरून विधान तपासायचे नसते, विधानावरून अलंकार तपासायचा असतो.

विशेषणांचेही असेच. ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘ताजे’ यांसारखे शब्द नाममुद्रेत येऊन ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असेल, तर ते केवळ नाव आहे, पदार्थाचे खरे स्वरूप नव्हे, असा खुलासा पाकिटावर द्यावा लागतो. तो खुलासा किती बारीक अक्षरांत असतो, ते पाहण्यासाठी माझ्या वयाच्या माणसाला चष्मा बदलावा लागतो. काही विशेषणांना मात्र मोजमाप आहे. घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये किमान ३ ग्रॅम तंतू असतील तरच ‘तंतूंचा स्रोत’ म्हणता येते आणि किमान ६ असतील तर ‘तंतूंनी समृद्ध’. ‘कमी सोडियम’ म्हणण्यासाठी १०० ग्रॅमला १२० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अशा विशेषणांना आपण ‘बांधील विशेषणे’ म्हणू. ‘घरच्या चवीचे’ हे कोणत्याही आकड्याला बांधील नाही.

६. फळ्यावरील तक्ता

सत्राच्या अखेरच्या तासात आम्ही पहिल्या पाकिटाचा तक्ता मराठीत लिहावयास घेतला. प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ यांवर वाद झाला नाही. ‘सोडियम’पुढे ‘म्हणजे मीठ इतके’ अशी एक ओळ वाढवावी, असे मदतनीस बाईंनी सुचविले. ती मूळ तक्त्यापेक्षा सरस सूचना होती. गाडी अडली ती ‘सर्व्ह’वर. ‘एक वाढप’ हा शब्द मी सुचविला. पंक्तीत वाढप किती होते हे वाढणाऱ्यावर अवलंबून असते, अशी हरकत आली. कोणी ‘वाटी’ म्हटले, कोणी ‘मूद’. मूद हा सुंदर शब्द आहे आणि भाताचे ते मापही आहे; पण घराघरांतील वाटी वेगळी, म्हणून मूदही वेगळी. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंचे म्हणणे होते की तो शब्दच नको, सरळ ‘पूर्ण पाकीट खाल्ल्यास’ असे लिहावे. माझे मत आज त्यांच्या बाजूचे आहे.

वर्गात कोलाम समाजातील एक विद्यार्थी होता. त्याने इतका वेळ काही सुचविले नव्हते. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा. एमिनो या भाषावैज्ञानिकाने तिचे व्याकरण १९५५ मध्ये प्रसिद्ध केले, ते मी विद्यार्थिदशेत अभ्यासले होते. ‘आमच्या आजीला मराठी तक्ताही इंग्रजीसारखाच,’ असे तो सहज म्हणाला. तिला अक्षरओळख नाही आणि मराठी तिची दुसरी भाषा. तिच्यासाठी कोणता मजकूर लिहावा, यावर फळ्यावर काही उमटले नाही. कोणी तरी सुचविले की पाकिटावर मिठाचे चमचे काढावेत, जितके मीठ तितके चमचे. त्या विद्यार्थ्याने मान हलवली. शिरस्त्याप्रमाणे पाच वाजता शिपाई कुलूप घेऊन आला आणि फळा तसाच राहिला.

स्वयं-अध्ययनासाठी कृती

तुमच्या घरातील किंवा जवळच्या दुकानातील भात आणि डाळ, कडधान्य यांच्या एखाद्या पाकीटबंद पदार्थाचा तक्ता वहीत उतरवून घ्या. त्यातील १०० ग्रॅम कोरड्या पदार्थाचे आहेत की तयार अन्नाचे, ते प्रथम नोंदवा. कोरड्याचे असल्यास पदार्थ शिजवून वजन करा आणि आकडे पुन्हा मांडा. संपूर्ण पाकिटातील प्रथिने आणि मीठ काढा. घटकपदार्थांच्या यादीत डाळीचा क्रमांक कितवा, तेही लिहा. त्यानंतर हा मजकूर तुमच्या घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला तिच्या बोलीत, एकही आकडा न वापरता, समजावून सांगा. ते बोलणे जसेच्या तसे सुमारे १५० शब्दांत लिहून काढा आणि पुढील संपर्कसत्रास येताना पाकिटासह आणा.